जावईबापूची चौथी सुई

काचपट्टीवर काहीच हलत नव्हतं.

मी भिंग पुसलं, नवा थेंब घेतला, नवी पट्टी ठेवली आणि परत डोळा लावला. तेच. सव्वीस वर्षं हेच काम करतेय मी. चांगल्या वळूच्या वीर्याचा थेंब भिंगाखाली कसा दिसतो ते मला झोपेतून उठवून विचारा. उकळत्या पाण्यासारखा दिसतो, शुक्राणूंच्या लाटांवर लाटा उठत असतात. इथं सगळं थंडगार. शंभर दिसायला हवेत तिथं चार-पाच, त्यातल्या दोघांच्या शेपट्या तुटलेल्या आणि एक जागच्या जागी गरगरणारा.

“वहिनी, आकडा सांगा की,” धाकटा खिडकीच्या फटीतून म्हणाला. प्रयोगशाळेत यायची त्याला परवानगी नव्हती, म्हणून तो रोज खिडकीशी ताटकळायचा. जसं काही आत त्याच्याच बायकोचं बाळंतपण चाललंय.

“सांगते. मानगुटीवर बसू नकोस.”

“नापास?”

“नापास.”

तो खिडकीचा गज धरून उभा राहिला.

धाकटा म्हणजे माझा दीर. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा नऊ वर्षांचा होता, आई गेलेली, नाक सदा गळतंय. त्याच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, शाळेत नाव मी घातलं, आणि शाळेनं हात टेकले तेव्हा इथं जनावरं सांभाळायला मीच लावला. माझे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. माझी मुलगी लग्न करून दूर गेली. आता वरच्या मजल्यावर मी, खाली धाकटा आणि त्याची बायको. जेवण एकाच स्वयंपाकघरात. कामावर मला सगळे मोठ्या बाई म्हणतात. माझं तोंड तिखट आहे, हे मीच सांगून टाकते, दुसऱ्यांना कशाला तसदी.

आमच्या केंद्रात वळू पाळतात. त्यांचं वीर्य काढायचं, तपासायचं, बारीक कांड्यांत भरून गोठवायचं आणि गाई पाळणाऱ्यांकडं पाठवायचं, एवढाच धंदा. एकोणीस वळू आहेत. त्यातला सगळ्यात मोठा, काळाकुळकुळीत, साडेनऊशे किलोचा, तो जावईबापू. हे नाव धाकट्यानं ठेवलं. थाटच तसा त्याचा: आयतं खायचं, कौतुक करून घ्यायचं आणि मानपानात जरा कमी पडलं की रुसून बसायचं. वीर्य काढताना वळू ज्याच्यावर चढतो तो लोखंडी सांगाडा, वर कातडं ताणलेला. त्याला मग आपोआप सगळे नवरी म्हणायला लागले. जावईबापूला धाकट्यानं वासरू असल्यापासून वाढवलं होतं. सात वर्षं. धाकट्याला मूल नाही, आणि ते का नाही हे त्याला विचारायची कुणाची छाती नाही, माझ्यासुद्धा.

केंद्राचा नियम सरळ आहे. एका आठवड्यात तीन नमुने नापास झाले की वळू बाद. बाद म्हणजे ट्रक येतो. ट्रक कुठं जातो ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलून दाखवत नाही.

हा शनिवारचा नमुना, पहिला. दुसरा मंगळवारी, तिसरा शुक्रवारी.

शनिवारी मला वाटलं, माझ्या पट्टीतच काही घोटाळा असेल. रविवारी वाटलं, बैलाला मध्ये ताप येऊन गेला असेल आणि धाकट्याच्या लक्षात आला नसेल. सोमवारी सकाळी केस विंचरताना मला कपाटातली बाटली आठवली. फणी तशीच केसात अडकून राहिली.

झालं होतं ते असं. तीन महिन्यांपूर्वी जावईबापू रुसला. नवरीकडं ढुंकून बघेना. धाकटा त्याला दोर धरून न्यायचा, हा हुंगायचा, मान फिरवायचा आणि परत चालू लागायचा. साहेब रोज माझ्या दारात. साहेब म्हणजे केंद्राचे प्रमुख. त्यांना जनावरातलं काही कळत नाही, तक्त्यातलं सगळं कळतं. “मोठ्या बाई, कांड्या कमी पडताहेत. मोठ्या बाई, तुम्ही जुन्याजाणत्या, काहीतरी करा.” जुन्याजाणत्या म्हटलं की मी फुगते. हा माझा रोग आहे.

केंद्रात डॉक्टरीणबाई आहेत. येऊन दीड वर्ष झालंय त्यांना, माझ्या मुलीपेक्षा वर्षभरानं लहान. त्यांना विचारायचं सोडून मी जुनं औषधाचं कपाट उघडलं. आधीच्या डॉक्टरांच्या वेळची नर हार्मोनची एक बाटली होती तिथं, मुदत अजून संपायची होती. माझा विचार साधा. नराला जोर कशानं येतो? नराच्या हार्मोननं. मग टोच हार्मोन. पी हळद आणि हो गोरी.

“वहिनी, डॉक्टरीणबाईंना एकदा विचारू या का?” दोर धरता धरता धाकटा म्हणाला होता.

“ती दुपट्यात होती तेव्हापासून मी थेंब बघतेय. तू दोर धर.”

त्यानं दोर धरला. मी मानेत सुई दिली. पाचव्या दिवशी जावईबापू नवरीवर असा चढला की सांगाड्याचे बोल्ट ढिले झाले. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! साहेबांनी मला स्वतःच्या हातानं चहा आणून दिला. दोन आठवड्यांनी बैल जरा मंदावला तशी मी दुसरी सुई दिली. तेव्हाही दोर धाकट्यानंच धरला, पण सुई काढल्यावर त्यानं माझं मनगट पकडलं. “वहिनी, आता बास. शब्द द्या मला.” मी शब्द दिला.

आणि मोडला. तीन आठवड्यांनी धाकट्याची सुट्टी होती तेव्हा मी खाद्याची बादली दाखवून बैलाला खोड्यात घेतला, लोखंडी दांड्या लावल्या आणि तिसरी सुई दिली. आणखी दोन आठवड्यांनी चौथी. धाकट्याला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यानं परत तेच पडलेलं तोंड केलं असतं, आणि ते तोंड मला बघवत नाही. एवढंच कारण. दुसरं मोठं काही शोधू नका.

मंगळवारी दुसरा नमुना नापास झाला. शनिवारपेक्षा वाईट.

डॉक्टरीणबाईंनी जावईबापूला खोड्यात घेतला आणि मागून वृषणांभोवती टेप लावली. दर दोन महिन्यांनी लावतात तशीच. टेप वाचली, परत लावली, परत वाचली. “मागच्या वेळी चाळीस सेंटिमीटर होतं. आता छत्तीस. आणि मऊ लागतंय.” मग त्यांनी मानेतल्या शिरेतून रक्ताच्या दोन नळ्या काढल्या आणि आम्हा सगळ्यांना साहेबांच्या खोलीत बोलावलं. साहेब टेबलामागं, डॉक्टरीणबाई उभ्या, मी खुर्चीत, धाकटा दाराशी.

“कुणी याला नर हार्मोन टोचलंय का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी मांडीवरचा पदर सारखा केला.

“टोचलं असतं तर जोर वाढला असता ना?” साहेब म्हणाले.

“जोर वाढतो, बी आटतं.” त्यांनी टेबलावरचा कागद ओढला आणि पेन्सिलीनं काढायला लागल्या. “घरावरची पाण्याची टाकी धरा. टाकीत एक तरंगता गोळा असतो. पाणी उतरलं की गोळा खाली जातो, मोटर चालू होते. टाकी भरली की गोळा वर, मोटर बंद. इथं मोटर म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली एक वाटाण्याएवढी ग्रंथी. ती वृषणांना दोन निरोप पाठवते. एक निरोप, नर हार्मोन बनवा. दुसरा निरोप, शुक्राणू वाढवणाऱ्या पेशींना, की कामाला लागा. आता बाहेरून सुईनं हार्मोन ओतलं तर टाकी भरलेली दिसते. मेंदू म्हणतो, भरपूर आहे, मोटर बंद करा. दोन्ही निरोप थांबतात.”

“पण हार्मोन तर आहेच ना रक्तात,” साहेब म्हणाले.

“रक्तात आहे. शुक्राणूंना लागतं ते वृषणाच्या आत, रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त. ते तिथल्या तिथंच बनावं लागतं, सुईनं आत पोचत नाही. अंगात मस्ती दिसते आणि आतला कारखाना ओस पडतो. शुक्राणू बनायला दोन महिने लागतात, त्यामुळं आज टोचलं तर आज कळत नाही. आज दिसतंय ते मागच्या दोन महिन्यांचं.”

मी सव्वीस वर्षं थेंब मोजले. तो थेंब कुठून, कुणाच्या हुकमानं येतो, हे मी कधी विचारलं नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, तो बैल माझा होता.

“तसं असेल तर आशा आहे,” त्या म्हणाल्या. “सुया थांबल्या की मोटर परत चालू होते. पण कुणी काही टोचलेलं नसेल, आपोआप झालं असेल, तर संपलं. म्हणून विचारतेय. कुणी टोचलंय?”

“मी,” धाकटा म्हणाला.

मी मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. तो माझ्याकडं बघत नव्हता.

“तू?” साहेब उठलेच. “कपाटाची किल्ली मोठ्या बाईंकडं असते. तुझ्याकडं कशी आली?”

“मोठ्या बाई जेवायला गेल्या होत्या. टेबलावरून उचलली.”

“म्हणजे चोरी केलीस!”

“हो.”

“किती वेळा टोचलंस?” डॉक्टरीणबाईंनी मध्येच विचारलं.

“दोनदा. पहिली बारा आठवड्यांपूर्वी, दुसरी दहा आठवड्यांपूर्वी. त्यानंतर नाही, शपथ घेतो.”

साहेब तोंडाला येईल ते बोलले. चोर म्हणाले, अडाणी म्हणाले, मोठ्या बाईंच्या भरवशावर तुला ठेवला आणि तू त्यांच्याच किल्लीला हात घातलास म्हणाले. “शुक्रवारी रक्ताचा रिपोर्ट येऊ दे. बैलाचं आणि तुझं एकदमच ठरवतो.” मग माझ्याकडं वळून, आवाज खाली आणून, “तुम्ही मनाला लावून घेऊ नका, मोठ्या बाई. घरातलंच माणूस असं निघालं त्याला तुम्ही काय करणार.”

चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि चोर खुर्चीत बसून मान डोलावतोय.

त्या संध्याकाळी जेवताना जाऊबाई वाढत होत्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. “आज दोघांचीही तोंडं का अशी? बैलानं लाथ मारली की काय?” त्या हसत म्हणाल्या. त्या आत गेल्यावर मी हळूच म्हणाले, “कशाला पडलास मध्ये?”

“तुमचे सात महिने राहिलेत निवृत्तीला,” तो ताटात बघत म्हणाला. “आत्ता काढलं तर सव्वीस वर्षांवर पाणी. मी काय, कुठंही जनावरं सांभाळीन. आणि दोर मीच धरला होता ना? निम्मी चूक माझी.”

“आणि चोर म्हणाले ते?”

“म्हणू देत. जावईबापू वाचला पाहिजे. दोन सुया झाल्यात हे त्यांना कळलं, आता त्या बघतील काय करायचं ते. जेवा तुम्ही, वहिनी.”

दोन सुया. मी तेव्हा बोलायला हवं होतं. घास तोंडात होता, तो गिळला आणि पाणी प्यायले. मनाची समजूत घातली, दोन काय आणि चार काय, टोचलं हे त्यांना कळलं ना, बास झालं. बुधवारी तीच समजूत घातली. गुरुवारी कपाट उघडून बाटली मागच्या कोपऱ्यात, कापसाच्या डब्यामागं सरकवली. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझं मलाच किळसवाणं वाटलं, तरी सरकवली.

गुरुवारी दुपारी गोठ्यावरून गेले तेव्हा जावईबापूनं कुंपणाची फळी फोडली होती आणि धाकटा नवी ठोकत होता. एक खिळा तोंडात, एक हातात. शेजारच्या वळूला सांभाळणारा माणूस त्याला म्हणत होता, “चोराच्या हातचा हातोडा नको रे बाबा, माझा परत दे.” थट्टाच होती. धाकट्यानं हातोडा परत दिला आणि उरलेला खिळा दगडानं ठोकला. मी न थांबता पुढं गेले.

शुक्रवारी तिसरा नमुना. पट्टीवर एकही शुक्राणू नाही. मी चार थेंब बघितले. आकड्याच्या जागी शून्य लिहिलं आणि साहेबांच्या खोलीत गेले. रिपोर्ट आला होता. डॉक्टरीणबाई तो हातात धरून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

साहेबांनी आधी धाकट्याचं घेतलं. “तू सोमवारपासून येऊ नकोस. पोलिसांत देत नाही, ते मोठ्या बाईंकडं बघून. आभार मान त्यांचे.”

धाकट्यानं खरंच माझ्याकडं बघून मान लववली. मी टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत राहिले. आता बोलेन, आता बोलेन असं म्हणता म्हणता साहेब पुढच्या गोष्टीवर गेले.

“आता बैलाचं. डॉक्टर?”

“ग्रंथीचे दोन्ही निरोप जवळजवळ शून्य आहेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मला वाटलं नव्हतं असं निघेल. दोन सुया, शेवटची दहा आठवड्यांपूर्वी. त्यांचा अंमल आतापर्यंत कधीच उतरायला हवा होता. निरोप परत सुरू व्हायला हवे होते. दहा आठवड्यांनंतरही मोटर बंद असेल, तर ती सुईनं बंद झालेली नाही. मोटरच जळलीय. कदाचित ग्रंथीत गाठ असेल. हा बैल बरा होणार नाही.”

“झालं तर मग,” साहेबांनी फोन उचलला. “ट्रक उद्या सकाळी सातला.”

“साहेब, थांबा ना,” धाकटा दारातून पुढं आला. “मला काढा, पण त्याला थांबवा थोडं. दोन महिने. मी पगाराशिवाय बघतो त्याचं सगळं. डॉक्टरीणबाई, तुम्ही म्हणाला होता आशा आहे!”

“होती,” त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. “पण दहा आठवडे फार झाले, दादा.”

साहेब फोनवर कुणाशी तरी बोलायला लागले. हो, मोठा ट्रक. हो, एकच जनावर. साडेनऊशे किलो.

“दहा नाही,” मी म्हणाले. “पाच.”

कुणी ऐकलं नाही. मी उठले आणि साहेबांच्या फोनवर हात दाबला. आयुष्यात असं कधी केलं नव्हतं.

“शेवटची सुई पाच आठवड्यांपूर्वीची आहे. चार सुया झाल्या. चारही मी दिल्या. यानं किल्ली चोरली नाही, यानं काही केलं नाही. पहिल्या दोन वेळा मी सांगितलं म्हणून दोर धरला. पुढच्या दोन याला माहीतच नाहीत.”

साहेब माझ्याकडं बघतच राहिले, आणि मग त्यांनी मान हलवली. दुःखानं, समजुतीनं. त्या मान हलवण्यानं मला जास्त राग आला. “मोठ्या बाई, समजू शकतो मी. दीर म्हणजे मुलासारखा. पण त्याच्यासाठी तुम्ही स्वतःवर घेऊ नका. सव्वीस वर्षांत एक आकडा चुकला नाही तुमचा.”

“अहो, मी खोटं बोलत नाहीये!”

“बैलाला वाचवायला तोही खोटं बोलेल, तुम्हीही बोलाल. उद्या सातला ट्रक.”

काय गंमत आहे बघा. चार दिवस गप्प बसले तर सगळ्यांचा विश्वास, आणि खरं बोलले तर कुणी विचारायला तयार नाही. मी खोलीतून अक्षरशः धावले. या वयात, या गुडघ्यांनी. कपाट उघडलं, कापसाचा डबा खाली पडला, कापूस सगळीकडं झाला, बाटली घेतली आणि परत धावले.

प्रयोगशाळेत एक शिस्त आहे, मीच लावलेली. कुठलीही बाटली उघडली की त्या दिवशीची तारीख शाईनं चिठ्ठीवर लिहायची, जितक्या वेळा उघडली तितक्या वेळा. हाताखालच्या मुलींना मी त्यावरून रडवलंय. माझा हात चोरी करतानाही ते विसरला नव्हता. चिठ्ठीवर चार तारखा होत्या, माझ्या अक्षरात, एकाखाली एक, पुढं किती मिली घेतलं ते, आणि शेवटी माझी सही.

डॉक्टरीणबाईंनी बाटली माझ्या हातातून घेतली. बाटलीतलं औषध उजेडाला धरून बघितलं, तारखा बोटांवर मोजल्या. “पाच आठवडे,” त्या म्हणाल्या. “आणि एवढा मोठा डोस? मग निरोप शून्यच असणार! मोटर जळलेली नाही, साहेब. टाकी अजून भरलेली आहे, एवढंच. अजून तीन-चार आठवड्यांनी निरोप सुरू होतील, त्यावर नवं पीक यायला सव्वादोन महिने. साडेतीन महिने द्या मला याला. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासते. पहिला निरोप दिसला नाही तर मी स्वतः ट्रक बोलावीन.”

साहेबांनी बाटली बघितली, सही बघितली, मला बघितलं. मग फोन उचलून ट्रक रद्द केला. धाकट्याला म्हणाले, “तू राहा. पण कुणासाठीही असं खोटं परत बोललास तर बघ.” आणि माझ्याकडं न बघता हात पुढं केला. मी किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातात ठेवला. चौकशी बसेल म्हणाले, तोवर घरी बसा. मला वाईट वाटायला हवं होतं, पण उलट हलकं वाटलं. इतकं हलकं की मी गोठ्याकडं निघाले तेव्हा माझ्या मनात काय होतं ते सांगायला लाज वाटते. मला वाटत होतं, धाकटा आता माझ्या पाया पडेल.

तो जावईबापूला धुत होता. एक हात पाठीवर, एका हातात ब्रश. पाणी काळ्या अंगावरून खाली गळत होतं.

“ट्रक येत नाही,” मी म्हणाले.

“ऐकलं.”

“तुझी नोकरी राहिली.”

“तेही ऐकलं. तिथंच होतो की मी.”

मी थांबले. तो घासतच होता. मी म्हणाले, “त्या दोन सुयांचा राग आलाय ना? शब्द मोडला मी. आला असेल तर बोल, शिव्या दे. मी ऐकून घेईन, आज पहिल्यांदाच ऐकून घेईन.”

“त्याचा नाही राग,” तो म्हणाला. “तुमचा स्वभाव मला नवव्या वर्षापासून माहीत आहे. तुम्हाला थांबता येत नाही. जावईबापू बरा होईल तर दोन सुयांचं काय घेऊन बसायचं.”

“मग?”

त्यानं ब्रश बादलीत टाकला. “मंगळवारी मला चोर म्हणाले, तेव्हा तुम्ही खुर्चीत होता. ते मीच ओढवून घेतलं होतं, ते सोडा. गुरुवारी हातोडा मागितला माझ्याकडून, तेव्हा तुम्ही समोरून गेलात. आज म्हणाले, येऊ नकोस सोमवारपासून, आणि मला तुमचे आभार मानायला लावले, मी मानले. तेव्हाही तुम्ही बोलला नाहीत.” त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “ट्रक याच्यासाठी मागवला, तेव्हा तुम्ही उठलात.”

मी तोंड उघडलं. भांडणात शेवटचा शब्द माझा, हे अख्ख्या घराला माहीत आहे. मी बोलणारच होते, असं सांगायचं जिभेवर आलं. पण मी बोलणार नव्हते. ट्रकचं नाव निघालं नसतं तर सोमवारी तो घरी बसला असता, मी कामावर आले असते, आणि संध्याकाळी त्याच्याच घरात बसून जेवले असते.

“धाकट्या,” मी म्हणाले.

“याच्यासाठी बोललात ते चांगलं केलंत,” तो म्हणाला. मग बादली उचलून बैलाच्या पलीकडच्या बाजूला गेला आणि तिकडची पाठ घासायला लागला.